खुरपीपासून प्रयोगशाळेपर्यंत: पुरातत्त्वातील वैज्ञानिक पद्धती शिकू पाहणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

दख्खनच्या शेतकऱ्याला पुरातत्त्वातला एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तो म्हणजे पांढरी. काळी ही कसायची जमीन आणि पांढरी ही वस्तीची. नदीकाठी राखाडी-पांढुरक्या मातीचे टेकाड दिसले, की ही जुन्या गावाची पांढरी आहे हे त्याला सांगावे लागत नाही. ती माती शेतात टाकली की पीक चांगले येते हेही त्याने अनुभवाने ओळखलेले असते, आणि त्यापायी अशी कितीतरी टेकाडे गाडीगाडीने कापून नेली गेली आहेत. या अनुभवामागचे कारण रासायनिक आहे. चुलीतली राख, शेण, हाडे आणि खरकटे शतकानुशतके एका जागी मुरल्यामुळे तिथल्या मातीत फॉस्फरसचे प्रमाण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वाढलेले असते आणि ते सहजासहजी वाहून जात नाही. प्रयोगशाळेत मातीतील फॉस्फेट मोजून वस्तीची हद्द किंवा गोठ्याची जागा शोधतात, ती पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे.

पुरातत्त्वात एम. ए. करून संशोधनाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी इतिहास, संस्कृत किंवा भूगोलातून आलेले असतात. ‘वैज्ञानिक पद्धती’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे महागडी यंत्रे येतात आणि आपण त्यातले नाही असे त्यांना वाटू लागते. याउलट, विज्ञान शाखेतून आलेल्यांना यंत्र ओळखीचे असते, पण माती नवी असते. माझ्या अनुभवात दुसऱ्या गटाच्या चुका अधिक महागात पडतात. यंत्र चालवायला प्रयोगशाळेत तज्ज्ञ बसलेले असतात, परंतु नमुना कोणत्या थरातून, कशाजवळून आणि कोणत्या प्रश्नासाठी उचलला, हे चरात उभ्या असलेल्या माणसाखेरीज कोणालाही नंतर सांगता येत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शन यंत्रांच्या यादीने सुरू न करता संशोधकाच्या वर्षाच्या क्रमाने दिले आहे. आपल्याकडे उत्खनन थंडीत होते, उन्हाळा नमुने निवडण्यात जातो आणि पावसाळ्यात वाचन-लेखन चालते. शिकण्याची सुरुवात पावसाळ्यात करावी.

पावसाळा: प्रश्न आणि तुलनेचा संग्रह

पहिले काम म्हणजे एखाद्या चांगल्या उत्खननाचा अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचणे. महाराष्ट्रात काम करणाऱ्यासाठी इनामगावच्या अहवालाची मी शिफारस करतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सव्वाशेहून अधिक घरे, दोनशेहून अधिक दफने, धान्य, हाडे, मानवी दात यांचा अभ्यास वेगवेगळ्या तज्ज्ञांनी केला, म्हणूनच माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे आणि उत्तर (नंतरचा) जोर्वे अशा ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे दगड आणि तांबे दोन्ही वापरणाऱ्या संस्कृतींच्या, तीन कालखंडांत, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात, तिथले लोक काय पिकवत होते आणि काय खात होते याविषयी आपण आज बोलू शकतो. वाचताना निष्कर्षांपेक्षा त्यामागची आकडेवारी पाहावी. किती लिटर माती धुतली, किती हाडे ओळखता आली, किती तारखा कोणत्या थरातून आल्या, हे प्रत्येक प्रकरणाला विचारावे. जुन्या अहवालात याची उत्तरे सगळीकडे मिळणार नाहीत, आणि ती जिथे मिळत नाहीत तिथेच तुमच्या प्रबंधाचा विषय असण्याची शक्यता असते.

त्यानंतर प्रश्न लिहावा, तोही एका वाक्यात. ‘जोर्वे संस्कृतीचा वैज्ञानिक अभ्यास’ याला प्रश्न म्हणता येत नाही. ‘उत्तर जोर्वे काळात बार्लीचे प्रमाण घटले का, आणि घटले असल्यास त्याच थरांत शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे प्रमाण वाढले का?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. असा प्रश्न लिहिला की कोणते नमुने हवेत, किती हवेत आणि कोणत्या थरांतून हवेत हे आपोआप ठरू लागते. इनामगावच्या उत्तर काळातील ऱ्हासाचे कारण वाढता दुष्काळ होता, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. त्या मांडणीवर पुढे बरीच चर्चा झाली आहे, आणि तिच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायचे तर अशाच मोजता येणाऱ्या प्रश्नांतून जावे लागते.

पावसाळ्यातले तिसरे काम कमी खर्चाचे आहे, तरीही ते सर्वांत अधिक टाळले जाते. तुलनेचा संग्रह तयार करावा. बाजारातून गहू, सातू (बार्ली), ज्वारी, बाजरी, नाचणी, हुलगे, मटकी, मूग, उडीद, मसूर, लाख, वाल आणि जवस यांचे थोडे थोडे दाणे आणावेत. शक्य तितके गावरान वाण शोधावेत, आणि शेताच्या बांधावरच्या तणांचे बीही गोळा करावे. त्यातील निम्मे दाणे मातीच्या लहान भांड्यात वाळूखाली दाबून मंद आचेवर काळे होईपर्यंत भाजावेत. उत्खननात मिळणारे धान्य बहुधा जळून कोळसा झालेले असते म्हणूनच ते टिकते, आणि जळताना दाणा फुगतो, फुटतो, त्याचे नाक झिजते. ताजा हुलगा ओळखणारा माणूस जळक्या हुलग्यापुढे हमखास अडखळतो. पुस्तकातील छायाचित्रांवरून हे शिकता येत नाही, भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले तरच डोळा तयार होतो. हाडांचे काम करणाऱ्याने याच धर्तीवर शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी यांचे आधुनिक सांगाडे हाताळावेत. शेळी आणि मेंढी यांच्यातला फरक तर मोजक्याच हाडांवर भरवशाने दिसतो. अशा ठिकाणी ‘शेळी किंवा मेंढी’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये.

परवानग्यांची चौकशीही याच दिवसांत करावी. उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय करता येत नाही. परवाना संस्थेच्या आणि उत्खनन-प्रमुखाच्या नावे असतो, नवशिक्याच्या नव्हे, त्यामुळे नमुने काढणे, फोडणे किंवा परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवणे यातले काहीही प्रमुखांच्या लेखी संमतीशिवाय आणि आवश्यक शासकीय परवानगीशिवाय करू नये. या पत्रव्यवहाराला महिने लागू शकतात.

थंडी: चरातले शिक्षण

चरात उतरल्यावर पहिले काही दिवस नमुन्यांचा विचारही करू नये, छेद, म्हणजे चराच्या उभ्या भिंतीत दिसणारे थर, वाचायला शिकावे. खुरपीने भिंत सपाट तासावी, किंचित पाणी शिंपडावे, सावली असताना पाहावे, आणि मातीचा रंग, कठीणपणा, राखेचे पट्टे, सारवलेल्या जमिनींच्या बारीक रेघा यांवरून थर आखावेत. आपण आखलेली रेघ अनुभवी सहकाऱ्याला दाखवावी आणि वाद घालावा. खणणाऱ्या गावकऱ्यांचे हातही पुष्कळ शिकवतात. अनेक हंगाम काम केलेल्या माणसाला कुदळीच्या आवाजावरून माती बदलल्याचे कळते, आणि हे कौशल्य ज्यांच्याकडून शिकायचे त्यांना काका, मावशी म्हणून आदराने विचारले तर ते मनापासून सांगतात.

दख्खनमध्ये एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. हातभर खोल भेगांमधून वरचा दाणा, मणी किंवा कोळशाचा कण सहज खाली उतरतो. उंदीर, घुशी आणि मुंग्या त्यात भर घालतात. त्यामुळे खालच्या थरात सापडलेला एकच एक दाणा हा त्या थराचाच आहे असे गृहीत धरता येत नाही. अनपेक्षित पिकाचा पुरावा एका दाण्यावर उभा असेल, तर आजूबाजूच्या कोळशाऐवजी त्या दाण्याचेच वय काढून घ्यावे. महाराष्ट्रात एखादे पीक केव्हा आले याचे उत्तर ज्यांना द्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा नियम मी अपवादाविना लागू करीन.

संदर्भ हरवला की काय होते, याचे दैमाबाद हे आपल्याजवळचे उदाहरण आहे. प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी १९७४ मध्ये ब्राँझच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोच्या आसपास आहे. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून निघालेल्या नव्हत्या. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले, परंतु त्या वस्तू नेमक्या कोणत्या थराच्या हा प्रश्न राहिलाच. ढवळीकरांसह अनेकांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, मानल्या, तर पुरातत्त्वज्ञ धर्मपाल अग्रवाल यांनी त्यांतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात अशी शंका घेतली. धातूचे पृथक्करण झाले, आकडे मिळाले, आणि तरीही वाद मिटला नाही, कारण धातूच्या घटकांवरून थेट वय निघत नाही. ती वस्तू ज्या मातीत होती त्या मातीतला चिमूटभर कोळसा तिच्या जागेच्या नोंदीसह हाती असता, तर हा वाद बराच लहान झाला असता.

नमुना उचलताना चार नोंदी झाल्याच पाहिजेत: चराचा आणि थराचा क्रमांक, तिन्ही दिशांनी मोजलेली जागा, जवळच्या रचनेशी असलेला संबंध (चूल, पेव, जमीन, खड्डा), आणि उचलण्याचे कारण. नमुना हलवण्यापूर्वी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. चिठ्ठ्या दोन कराव्यात, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर. माझ्या पहिल्या हंगामात मी ओलसर मातीच्या पिशव्यांमध्ये बॉलपेनने लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तीन आठवड्यांनी पिशव्या उघडल्या तेव्हा शाई पसरलेली आणि कागदाचा लगदा झालेला होता, त्यामुळे अकरा पिशव्या माती कोणत्याही उपयोगाची न उरता टेकाडावरच परत टाकावी लागली. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहितो आणि तीच नोंद त्याच संध्याकाळी वहीत उतरवतो. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नव्हे.

प्रत्येक साहित्य उचलण्याची रीत वेगळी असते. कार्बन कालमापनासाठीचा कोळसा हाताने न धरता स्वच्छ चिमट्याने किंवा खुरपीच्या टोकाने उचलावा, अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात ठेवावा आणि कापूस किंवा वर्तमानपत्र त्याला लागू देऊ नये. भांड्यात मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचे अवशेष शोधायचे असतील तर त्या खापऱ्या धुवू नयेत. नव्या माणसाच्या हातून ही चूक सर्वाधिक घडते, कारण खापरी दिसली की ती घमेल्यात टाकून ब्रशने घासणे हा छावणीचा नित्यक्रम असतो. हाताला लावलेले क्रीम आणि प्लॅस्टिकची पिशवीही अशा खापरीला दूषित करते. प्राचीन डीएनएसाठी हाडे घ्यायची तर हातमोजे, मुखपट्टी आणि निर्जंतुक साधने आधीपासून तयार असावी लागतात. त्यातही उष्ण प्रदेशात डीएनए फार वाईट टिकतो हे जाणूनच काम हाती घ्यावे. हरियाणातील राखीगढीच्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ६१ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी एकाच व्यक्तीच्या हाडातून अभ्यास करण्याजोगा डीएनए मिळाला. हे एकास साठ प्रमाण माहीत असूनही दोन दातांवर डीएनएचा प्रबंध योजणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रकाश-उद्दीपित कालमापनात वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला ते मोजतात. त्यासाठी छेदात पोलादी नळी ठोकून ती अंधारातच दोन्ही टोकांनी बंद करावी लागते आणि भोवतालच्या मातीचा वेगळा नमुना किरणोत्सार व ओलावा मोजण्यासाठी घ्यावा लागतो. मात्र या पद्धतीचे नेहमीचे साधन म्हणजे क्वार्ट्‌झचे कण, आणि बेसॉल्ट खडकात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतोच. म्हणून गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत नळी ठोकण्यापूर्वी तिथल्या गाळात पुरेसा क्वार्ट्‌झ आहे का, की फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर काम करावे लागेल, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे. राजस्थान किंवा तमिळनाडूतील यशस्वी उदाहरण इथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

पाण्यात तरंगणारे धान्य

फ्लोटेशन म्हणजे माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे आणि कोळसा गाळून घेण्याची पद्धत. तिच्यावर मी थोडा अधिक वेळ खर्च करणार आहे, कारण ती स्वस्त आहे, छावणीतच करता येते, आणि एका हंगामात नवशिक्याला स्वतःच्या हाताने पूर्ण करता येईल असे हेच एक वैज्ञानिक काम आहे.

प्रत्येक महत्त्वाच्या थरातून आणि प्रत्येक चूल, पेव व राखेच्या खड्ड्यातून ठरावीक माप घ्यावे. वीस लिटर हे सोयीचे माप आहे, दोन मोठ्या बादल्या. माप न लिहिता धुतलेली माती तुलनेसाठी निकामी ठरते, कारण एका थरात चाळीस दाणे आणि दुसऱ्यात दहा मिळाले तर धान्य कमी झाले की माती कमी धुतली, हे मग सांगता येत नाही. फक्त राखेचे, ‘श्रीमंत’ दिसणारे खड्डे निवडण्याचा मोह आवरावा. घराच्या जमिनीवरची साधी माती आणि वस्तीबाहेरची मातीही घ्यावी, म्हणजे तुलनेला आधार राहतो.

टाकीत किंवा मोठ्या पिंपात पाणी घेऊन त्यात माती हळूहळू सोडावी आणि हलक्या हाताने ढवळावी. तरंगून वर आलेला भाग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक जाळीवर किंवा मलमलच्या कापडावर ओतून घ्यावा. तळाशी राहिलेला जड भाग एक मिलिमीटरच्या जाळीतून धुवावा. त्यात माशांचे काटे, मणी, गारगोटीच्या पात्यांचे तुकडे आणि जड कवचाच्या बिया मिळतात. काळी चिकण माती मात्र पाण्यात गोळ्यासारखी बसून राहते. अशी माती आधी सावलीत पूर्ण वाळवावी आणि मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात काही तास भिजवावी, म्हणजे ती सुटते. गोळे हाताने चुरडू नयेत, आतला दाणाही चुरडला जातो. मिळालेला हलका भाग कापडाची पुरचुंडी करून सावलीत दोरीवर टांगावा. घाईने उन्हात वाळवले तर ओला कोळसा तडकतो आणि ओळखता येण्याजोगा दाणा भुग्यात जमा होतो. दोन नमुन्यांच्या मध्ये पिंप, जाळ्या आणि हात धुतल्याशिवाय पुढची माती घेऊ नये. मी स्वतः मधूनच जळक्या खसखशीचे पन्नास दाणे मोजून मातीत टाकतो आणि त्यांपैकी किती परत मिळतात ते पाहतो. पन्नासांपैकी पंचेचाळीस परत आले तर हात बरा बसला आहे असे समजावे. पंचवीसच आले तर दोष मातीचा नसून आपल्या ढवळण्याचा किंवा जाळीचा आहे.

दाणे मोजताना आणखी एक सापळा लक्षात ठेवावा. चुलीत सापडलेला प्रत्येक दाणा माणसाच्या ताटातला असतोच असे नाही. आपल्या खेड्यांत गोवऱ्या जाळतात, आणि गोवरीत जनावराच्या पोटातून आलेल्या तणांच्या व धान्याच्या बियाही असतात. त्यामुळे राखेतील गवताच्या बिया, फुटके दाणे आणि शेणाचे जळके तुकडे एकत्र मिळाले तर ती जेवणाची नोंद नसून जळणाची नोंद असू शकते. हा फरक करता येऊ लागला, की पशुपालनाविषयीचा पुरावा धान्याच्याच डबीत सापडतो.

उन्हाळा: प्रयोगशाळेशी बोलणे

हंगाम संपल्यावर नमुन्यांचा ढीग समोर असतो आणि पैसा मोजकाच असतो. कार्बन-१४ कालमापन भारतात १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाले आणि नंतर ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. लखनौची बिरबल साहनी संस्थाही या कामासाठी ओळखली जाते. आज अहमदाबादला आणि दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये त्वरकाच्या साहाय्याने, म्हणजे एएमएस पद्धतीने, काही मिलिग्रॅम नमुन्यावरही वय काढता येते. पूर्वी त्यासाठी काही ग्रॅम कोळसा लागे, म्हणून जुन्या अहवालांतील तारखा बहुधा मोठ्या ओंडक्यांवरच्या किंवा अनेक तुकडे एकत्र करून घेतलेल्या आहेत. त्या तारखा वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

ओंडक्याचा दोष आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. जुने घर पडले की त्याचे सागवानी खांब आणि वासे नव्या घराला लावण्याची रीत सगळीकडे आहे. झाडाच्या गाभ्यातील लाकूड बाहेरच्या सालीपेक्षा आधीच शंभर-दोनशे वर्षांनी जुने असू शकते, त्यात पुनर्वापराची वर्षे मिळवली, की जळलेल्या खांबावरून निघालेले वय घराच्या वयापेक्षा कितीतरी मागे जाते. म्हणून एका वर्षात वाढून पिकणारी वस्तू, म्हणजे धान्याचा दाणा, बोराची बी किंवा बारीक काटकी, प्रथम निवडावी. दख्खनच्या उष्ण मातीत हाडातील कोलॅजेन (ज्यावरून हाडाचे वय काढतात ते प्रथिन) पुष्कळदा उरलेले नसते, त्यामुळे हाड पाठवण्यापूर्वी त्यातील नायट्रोजन तपासून घ्यावा आणि मगच पैसे खर्च करावेत. कोकण किनाऱ्यावरचे शिंपले वापरायचे असतील तर समुद्राच्या पाण्यातील जुन्या कार्बनमुळे वय जास्त येते, त्याची स्थानिक दुरुस्ती करावी लागते. आणि रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांसारख्या, केवळ जांभा दगड कोरून केलेल्या आकृतींमध्ये कार्बनच नसतो. तिथे ‘कार्बन डेटिंग करून घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांना नम्रपणे हे समजावून सांगावे.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्यात ‘२४५० अधिक-उणे ३० बीपी’ असा आकडा असतो. बीपी म्हणजे १९५० पूर्वीची वर्षे, परंतु ही कार्बन-वर्षे आहेत, पंचांगाची वर्षे नव्हेत. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार बदलत आले असल्याने झाडांच्या वार्षिक वलयांवरून तयार केलेल्या वक्राशी हा आकडा जुळवावा लागतो. उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२० हा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला वक्र वापरतात, आणि ऑक्सकॅलसारखी संगणकप्रणाली हे गणित करून देते. १९५० मधून २४५० वजा करून ‘इ.स.पू. ५००’ असे लिहिणे ही ढोबळ चूक आहे, आणि ती अजूनही छापून येते. हाच आकडा वक्राशी जुळवला तर ९५ टक्के संभाव्यतेचा पट्टा साधारण इ.स.पू. ७५५ ते ४१० असा, जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा निघतो, कारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्र जवळपास सपाट आहे. विदर्भातील लोहयुगीन शिळावर्तुळांचा अभ्यास करणाऱ्यांना या सपाटीशी झुंजावेच लागते. तिथे अधिक अचूक यंत्र फारसे मदतीला येत नाही, एकाच छेदातील एकावर एक थरांतून पाच-सहा तारखा घेऊन त्यांचा क्रम गणितात बसवला तर पट्टा अरुंद होऊ शकतो. म्हणजे पुन्हा थंडीत आखलेला छेदच कामी येतो.

वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी जुळल्या नाहीत तर घाबरू नये, पण ते लपवूही नये. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर अश्मयुगीन हत्यारांच्या संदर्भात मिळाला. १९८९ मध्ये पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने त्याचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, १९९५ मध्ये आरगॉन-आरगॉन पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार, तर इतर संशोधकांनी राखेच्या रासायनिक घटकांवरून ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचे मत मांडले. यंत्रे नादुरुस्त होती म्हणून हे घडले असे नाही. राखेत जुने स्फटिक मिसळले आहेत का, राख जिथे पडली तिथेच आहे की नदीने वाहून आणली आहे, आणि हत्यारे राखेइतकीच जुनी आहेत का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि कोणत्याही एका आकड्याने तिन्ही सुटत नाहीत. नव्या संशोधकाने हा वाद मूळ शोधनिबंधांतून क्रमाने वाचावा. कालमापनावरच्या व्याख्यानांपेक्षा त्यातून अधिक समजते.

खापऱ्यांच्या बाबतीत मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणारे, हातात धरायचे क्ष-किरण यंत्र आता अनेक विभागांत आले आहे आणि त्याचा वापर फार सैलपणे होतो. ते पृष्ठभागाचा पातळ थर मोजते. जोर्वे भांड्याच्या रंगावर, लेपावर किंवा चिकटलेल्या मातीवर नळी टेकवली तर तुम्ही भांडे मोजलेलेच नसते. ताज्या तुटलेल्या, स्वच्छ कडेवर अनेक ठिकाणी मोजावे, आणि ज्ञात घटकांचा प्रमाण-नमुना दररोज आधी व नंतर मोजून यंत्र सरकलेले नाही ना हे पाहावे. पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पद्धतही शिकावी. त्यात खापरीचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढतात. तिचीही इथे मर्यादा आहे. दख्खनच्या पठारावर शेकडो किलोमीटर बेसॉल्टच पसरलेला असल्याने प्रवरेकाठचे आणि घोडकाठचे भांडे खनिजांवरून वेगळे काढणे अवघड जाते. मात्र ग्रॅनाइटच्या प्रदेशातून आलेले परके भांडे लगेच डोळ्यात भरते. म्हणून ‘भांडी कुठून आली’ असे विचारण्याऐवजी ‘यात परकी किती’ असे विचारल्यास हाती काहीतरी लागते.

पुढचा पावसाळा: लिहिणे आणि जपणे

लिहिताना न मिळालेल्या गोष्टीही लिहाव्यात. कोलॅजेन मिळाले नाही, अठरा नमुन्यांत एकही दाणा नव्हता, दोन तारखा थराशी विसंगत आल्या, ही सर्व माहिती पुढच्या माणसाचे पैसे आणि एक हंगाम वाचवते. प्रत्येक तारखेसोबत प्रयोगशाळेचा क्रमांक, साहित्य, मूळ कार्बन-वय आणि वापरलेला वक्र द्यावा, कारण वक्र दर काही वर्षांनी सुधारतो आणि केवळ जुळवलेली वर्षे छापली तर पुन्हा गणित करता येत नाही. प्रयोगशाळेतील सहकाऱ्याला ऋणनिर्देशात टाकून मोकळे होण्याऐवजी मसुदा दाखवावा. तुम्ही आकड्यातून त्यांनी न म्हटलेले काहीतरी काढले असेल तर ते छापण्यापूर्वी कळलेले बरे.

उरलेला नमुना कधीही टाकू नये. शक्य असेल तिथे मुळातच अर्धा नमुना राखून ठेवावा, कारण आज ग्रॅममध्ये लागणारे साहित्य उद्या मिलिग्रॅममध्ये पुरते, हे कार्बन कालमापनाने दाखवलेच आहे. दाणे काचेच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत, चिठ्ठीसह, सिलिका जेलच्या पुड्या घालून लोखंडी कपाटात ठेवावेत आणि पुड्या प्रत्येक जूनपूर्वी बदलाव्यात. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्या गोळ्या दगडी कोळशाच्या डांबरापासून किंवा खनिज तेलापासून बनतात, म्हणजे त्यांतील कार्बन लक्षावधी वर्षांचा असतो, आणि त्यांची वाफ कोळशात शिरली तर पुढच्या तारखा जुन्या येण्याचा धोका असतो. कालमापनाच्या नमुन्यांचे कपाट वेगळे करावे, त्यात गोळ्या टाकू नयेत, आणि तसे दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.